वरच्या रानातली लाईट

आक्का,

परवा तुमचं तेरावं झालं. पंगत उठत होती, मी पाण्याचा जग घेऊन फिरत होते, आणि बांधाशेजारचे बबन आप्पा हात धुता धुता मला म्हणाले, "काय गं, थोरलीनं त्या वरच्या रानात लाईट घेतली का न्हाई शेवटी? लई दिवस इचारीन म्हणत होतो." मी जग तिथंच ठेवला आणि तोंडाला पदर लावून घरात पळाले. लोकांना वाटलं, धाकटी जावेसाठी रडतेय. रडत होतेच, पण त्याआधी मला हसू फुटलं होतं. तेराव्याच्या मांडवात हसणारी जाऊ न्हावरे गावानं जन्मभर लक्षात ठेवली असती. तुम्ही असतात तर डोळे वटारून माझ्याकडे पाहिलं असतंत आणि मग स्वतःच भिंतीकडे तोंड करून हसला असतात.

चौकात तुमचा फ्लेक्स लागलाय. फोटो दीपकच्या लग्नातला आहे, आणि त्यात तुम्ही आचाऱ्याकडे रागानं बघताय. पोराला आईचा दुसरा फोटो सापडला नाही, कारण कुणी मोबाईल वर केला की तुम्ही हात आडवा घालायच्या. खाली लिहिलंय प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ. पहिली दोन मला मान्य. मनमिळाऊ कुणी लिहायला सांगितलं ते मला शोधायचंय, कारण तुमच्या तोंडाचा पट्टा चुकवायला माणसं गल्ली बदलून जायची हे सगळ्या आळीला माहीत आहे. आणि बायका काय म्हणत होत्या सांगू? "अहेव गेली गं, सोनं झालं." हिरवी साडी, कपाळभर कुंकू, नवऱ्याच्या आधी गेली, झालं कौतुक. मला इतका संताप येत होता. माझ्या डोळ्यांदेखत तुम्ही जे केलंत ते यातल्या एकीलाही माहीत नाही आणि मी त्यांना सांगूही शकत नाही. म्हणून तुम्हालाच सांगतेय. तुम्हाला ते ठाऊक आहेच, पण मला कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी दौंडची. वडील रेल्वेत, बालपण क्वार्टरमध्ये. लग्न होऊन न्हावऱ्यात आले तेव्हा गाईच्या मागून जावं की पुढून हेही मला कळत नव्हतं. तुम्ही निमोण्याच्या, दहा माणसांचा स्वयंपाक एका हातानं आणि धार दुसऱ्या हातानं काढणाऱ्या. पहिल्याच आठवड्यात तुम्ही माझं नाव दौंडकरीण ठेवलंत आणि ते शेवटपर्यंत बदललं नाहीत. "दौंडकरणी, ती गाय हाय, इंजन न्हाई, शिट्टी मारून हालत नसती." मी रडायचे, मग भांडायचे, मग तुमच्याच पाठीमागे झोपायचे. आपण दोघींनी या घरात वीस-बावीस वर्षं भांडण केलं आणि एकदाही चूल वेगळी मांडली नाही.

पहिल्यांदा ते दुखणं आलं तेव्हा तुमची डावी बाजू काढून टाकली. गावाला आपण पित्ताच्या खड्याचं ऑपरेशन सांगितलं. खरं फक्त घरातल्यांना माहीत होतं. भाऊजी, आमचे हे, दीपक आणि मी. तुम्ही पोलक्याच्या आत जुन्या धोतराची घडी शिवून घेतलीत आणि चार महिन्यांत पुन्हा धारेला बसलात. आम्हाला वाटलं, गेलं ते. चार वर्षं तसंच वाटत राहिलं.

मग त्या उन्हाळ्यात आपण वखारीपुढं कांदा निवडत बसलो होतो. कुजका एकीकडे, जोड एकीकडे, चांगला एकीकडे. मी माझ्या भावाच्या बायकोबद्दल काहीतरी तक्रार सांगत होते. तुम्ही माझं बोलणं मध्येच तोडलंत, माझा हात धरलात आणि पोलक्यावरून जुन्या व्रणाच्या कडेला टेकवलात. "बघ बरं," म्हणालात. माझ्या बोटाला हरभऱ्याएवढं काहीतरी लागलं. मी हात काढून घेतला नाही, कारण काढला असता तर तुम्हाला सगळं कळलं असतं. तुम्ही म्हणालात, "तुझा हात गार पडला, दौंडकरणी. म्हंजी तेच हाय." आणि पुढचा कांदा उचललात.

पुण्याला गेलो. तपासण्या झाल्या, ती गाठ काढली, आणि टाके सुकल्यावर त्या तरुण डॉक्टरबाईंनी आपल्याला समोर बसवलं. फार नीट बोलल्या त्या. म्हणाल्या, "मावशी, आता किरणोपचार घ्यायचे की नाही ते ठरवायचंय. घेतले तर याच जागी पुन्हा येण्याची भीती कमी होते. पण बाकी अंगात कुठं काही दडलं असेल तर त्याला हे किरण पुरे पडत नाहीत. पाच आठवडे रोज यावं लागेल. कातडी भाजल्यासारखी होईल, थकवा येईल, हात सुजू शकतो. डावी बाजू आहे, हृदय जवळ आहे, आम्ही जपू." तुम्ही विचारलंत, "न्हाई घेतली तर?" त्या म्हणाल्या, "नुसत्या गोळ्यांवरही राहता येईल. मी घ्या म्हणेन. पण शरीर तुमचं आहे. दोन आठवडे विचार करा."

किरणोपचार हा शब्द डॉक्टरबाईंशिवाय तिथं कुणीच वापरत नव्हतं. बाहेर बाकड्यावर बसलेली सगळी माणसं त्याला लाईट म्हणत होती. "तुमची लाईट कितवी?" "आमची आज लाईट न्हाई, मशीन बंद हाय." हे ऐकून तुम्ही माझ्या कानाशी लागलात. "इथंबी लोडशेडिंग हाय म्हंजी," म्हणालात. मला त्या बाकड्यावर बसून हसता येत नव्हतं आणि रडताही येत नव्हतं.

परतीच्या एसटीत तुम्ही खिडकीशी बसला होतात. शिक्रापूरच्या चौकात ट्रकांच्या गर्दीत गाडी अडकली ती अडकलीच. कंडक्टर खाली उतरून चहा पिऊन आला तरी आपण तिथंच. तेवढ्यात तुम्ही एकदम मोठ्यानं म्हणालात, "लाईट घ्यायची का न्हाई, ते दोन आठवड्यांत सांगा म्हणत्यात. असं कसं सांगायचं?" आणि मागच्या सीटवरून आवाज आला, "कुठल्या रानात वो, थोरल्या?" बबन आप्पा. तळेगावला लेकीकडं चालले होते आणि आपल्याला दिसलेच नव्हते.

मी मनात म्हटलं, आता हे सगळ्या गावात जाणार. तुम्ही पदर नीट केलात आणि मागं न बघता म्हणालात, "वरच्या रानात."

वरच्या रानात आपली विहीर होती आणि लाईट नव्हती, हे आप्पांना ठाऊक होतं. ते लगेच पुढं सरकले. "हिरीला पाणी हाय ना?"

"सध्या तरी हाय."

"मग घ्यायची. इचार कसला करताय? पाणी हाय तवाच लाईट घ्यायची आस्ती. पाणी आटल्यावं लाईट घिऊन काय बांधाला माळा लावायच्या का?"

तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात आणि तुमचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडताय. वाकून बघितलं तर तुम्ही हसत होतात. तळेगावला आप्पा उतरून गेल्यावर डोळे पुसून म्हणालात, "खरं बोललं गं म्हातारं. पाणी हाय तवाच."

मला वाटलं, वेळ मारून नेलीत, संपलं. पण दुसऱ्या दिवसापासून तुम्ही जे सुरू केलंत ते मी आयुष्यात कधी पाहिलेलं नव्हतं. तुम्ही गावाला विचारायला लागलात. दुधाच्या संस्थेवर, गिरणीत, लग्नाच्या मांडवात, ज्याची अक्कल तुम्हाला पटायची त्या प्रत्येकाला, "वरच्या रानात लाईट घ्या म्हणत्यात, घ्यावी का?" आणि लोक मनापासून सांगायचे. शेतीच्या लाईटबद्दल मत नाही असं माणूस आपल्याकडे जन्माला यायचंय. कुणी म्हणालं, घेऊ नका, एकदा घेतली की कटकट मागं लागते. कुणी म्हणालं, आमच्या चुलत्यानं घेतली, आज हिरवंगार आहे. तुम्ही ऐकायच्या, मान हलवायच्या, उलट प्रश्न विचारायच्या. मी शेजारी उभी असायचे आणि कुणाच्या नजरेला नजर द्यायचे नाही, कारण त्या दुधाच्या किटल्यांमध्ये उभं राहून गाव तुमच्या जिवाबद्दल बोलत होतं आणि गावाला त्याचा पत्ता नव्हता.

वायरमन आपल्याकडे चहाला आला तो दिवस मला सगळ्यात जास्त आठवतो. तुम्ही त्याला म्हणालात, "खांब कुठनं येणार?"

"तुमच्या उभ्या पिकातनं, मावशी. दुसरी वाटच न्हाई."

"आन् पिकाचं?"

"जिथं खड्डा घेणार तिथलं जाणारच की. आजूबाजूचंबी तुडवलं जातं. ते येतं पुढल्या हंगामाला भरून. पर खांबाच्या बुडाशी मातूर परत काय धड उगवत न्हाई."

"आन् खांब चुकून भलत्या जाग्याला रवला तर?"

"आखणी करूनच रवत्यात, मावशी. आमी काय येडे हाव का?"

तुमचा उजवा हात तेव्हा डाव्या छातीवर होता. तुम्हाला ते कळतही नसावं. मी आत चुलीपुढं चहा ढवळत होते, आणि तो उतू जाऊन निम्मा निखाऱ्यात गेला.

तो गेल्यावर मी तुमच्यावर तुटून पडले. म्हटलं, "ही काय थट्टा लावलीय, आक्का? जिवाशी खेळ आहे हा. डॉक्टर शिकलेल्या आहेत, त्या सांगतायत घ्या म्हणून, आणि तुम्ही वायरमनला विचारताय!" तुम्ही शांतपणे कपबशा गोळा करत होतात. म्हणालात, "थट्टा न्हाई गं. डाक्टरीणबाईंनी खरं सांगितलं, पर त्यांनी माझ्यावर सोडलं. आता माझ्या दुखण्याचं कुणाला इचारलं तर एक तर रडत्यात, न्हाई तर देवाचं नाव घेत्यात. रानाचं इचारलं की माणसं खरं बोलत्यात. मला खरं ऐकायचंय." मला तुमची भीतीच वाटली त्या वेळी, म्हणजे देवळात कधी कधी वाटते तशी. मग तुम्ही मला चहा सांडल्याबद्दल झापलंत आणि मी ताळ्यावर आले.

आणि ठकूबाई. धनगरवाड्यावरची, तुमची जुनी सोबतीण. तिचे सासू-सासरे मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचे, आता तिची नातवंडं ऊस लावतात. ती ओट्यावर येऊन बसली, तिलाही तुम्ही तेच विचारलंत. ती बराच वेळ तंबाखू मळत राहिली. "आमची निम्मी हयात कंदिलावं गेली," म्हणाली. "लाईट नव्हती म्हणून कुनी मेलं न्हाई. आता सुनांना पायजे म्हणून घेतली. तुला कशाला पायजे? कुनासाठी घेतीस?"

तुम्ही म्हणालात, "रानासाठी."

"रान न्हाई मागत, बाई. रान गप पडून ऱ्हातं. मागणारं मानूस कोन हाय ते बघ, आन् मग घे."

त्या दिवसानंतर तुम्ही गावात कुणाला विचारणं बंद केलंत आणि आमच्याकडे वळलात.

भाऊजींना विचारलंत. ते जेवत होते. म्हणाले, "तुला बरं वाटंल तसं कर." तुम्ही हातातली कढई इतक्या जोरात आपटलीत की मांजर पळालं. "जन्मात मला कवा काय इचारलं न्हाई, आन् आता समदं माझ्यावं सोडलंय व्हय!" बिचारे भाऊजी. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्यांना लपवायचं होतं, एवढंच. तुम्हालाही ते दिसलं, म्हणून तर तुम्ही नंतर त्यांना गूळ-तूप वाढलंत. दीपक रविवारी शिक्रापूरहून आला, कंपनीच्या शर्टावरच. म्हणाला, "आई, घे ना. मी सुट्टी टाकतो. तुझ्यासाठीच सांगतोय." तुम्ही त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकलीत आणि विषय बदललात. मला कळत होतं, तुम्हाला हवं ते उत्तर कुणाकडून मिळत नव्हतं. ते काय आहे हे मात्र मला कळत नव्हतं.

डॉक्टरबाईंना फोन करायच्या आदल्या दिवशी ऊन उतरल्यावर तुम्ही मला वरच्या रानात गवताला घेऊन गेलात. विळा घेतला होतात, पण कापलं काहीच नाहीत. विहिरीच्या कडेला बसलात. पाणी खोल होतं आणि त्यात आभाळाचा एक तुकडा दिसत होता.

"तू म्हणतीस घ्या," म्हणालात. "पैल्या दिवसापासनं म्हणतीस. कुणासाठी?"

माझी भाषणं तयार होती. तुमचं वय काय असं झालंय, दीपकचं लेकरू बघायचं नाही का, आजकाल किती बायका बऱ्या होतात. मी म्हटलं, "तुमच्यासाठी, आक्का."

"खरं बोल."

तुम्ही माझ्याकडे बघत होतात ते बघणं मला अजून विसरता येत नाही. त्या नजरेपुढं मला एकही भाषण आठवेना. मी म्हटलं, "माझ्यासाठी. मला नाही जमणार तुमच्याशिवाय. या घरात मला एकटीला नाही जमणार." आणि मी हमसून हमसून रडायला लागले, लहान पोरासारखी, त्या उघड्या रानात.

तुम्ही मला जवळ घेतलं नाहीत. ते तुमच्यात नव्हतं. विळ्याच्या टोकानं जमिनीवर रेघ ओढत राहिलात आणि मग म्हणालात, "बरं. मग घेते."

"म्हणजे?"

"म्हंजी घेते. जो तो मला म्हणतोय, तुझ्या भल्यासाठी. माझं भलं मला कळतं. मी लागते असं कुणी म्हणलंच न्हाई." उठलात, साडी झटकलीत. "चल, धारेचा टाईम झाला."

आक्का, मी शाळा शिकले, कॉलेजचं एक वर्ष केलं, माणसं पाहिली. पण एवढी मोठी गोष्ट इतक्या सरळपणे ठरवणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. गाव, वायरमन, ठकूबाई, नवरा, पोरगा, सगळ्यांचं ऐकून घेतलंत, नफा-तोटा समजून घेतलात, खांबाच्या बुडाशी काही उगवणार नाही हेही मनाशी धरलंत, आणि मग एका रडणाऱ्या बाईच्या एका वाक्यावर हो म्हणालात.

मग ते पाच आठवडे. दीपकचं लग्न व्हायचं होतं, त्याच्या शिक्रापूरच्या खोलीत आपण दोघी राहिलो, आणि गावाला पोराकडं चाललोय एवढंच सांगितलं. एका ओळीत खोल्या, शेजारी बिहारची पोरं, शिफ्ट संपवून येऊन मोठ्यानं गाणी लावणारी. चौथ्या दिवशी तुम्ही त्यांच्याकडून लिट्टी करायला शिकत होतात आणि त्यांना पिठलं शिकवत होतात, हिंदी एक अक्षर येत नसताना. रोज सकाळी पुण्याला जायचं, दुपारी यायचं. पहिल्या दिवशी त्यांनी तुमच्या छातीवर जांभळ्या शाईनं रेघा आखल्या आणि पुसू नका म्हणून सांगितलं. तुम्ही खोलीवर आल्यावर मला पदर बाजूला करून दाखवलंत. "मोजणीवाला येऊन गेला," म्हणालात. "हद्द कायम झाली." बाकड्यावर नवीन बाई आली की तुम्ही तिला विचारायच्या, "तुमची कुठल्या रानात?" बाई आधी गोंधळायची, मग तिला कळायचं, आणि ती पोटात, घशात जिथं असेल तिथं हात ठेवून हसायची. त्या खोलीच्या जाड दारावर लाल दिवा लागायचा आणि आत तुम्ही एकट्या असायच्या. मी एकदा विचारलं, आत काय वाटतं? म्हणालात, "कायच न्हाई गं. चटका न्हाई, उजेड न्हाई. नुस्ती मशीन घुमती. येवढं मोठं काम चाललंय आन् कळतसुदिक न्हाई. मी आपली निजून ऱ्हाते आन् बघते त्या मशीनकडं. कुणी केली असंल गं ती?" तुमच्या चेहऱ्यावर तेव्हा लहान मुलीचं नवल होतं.

शेवटच्या दोन आठवड्यांत कातडी काळी पडली, मग सोलली. मी मलम लावायचे तेव्हा तुम्ही दात आवळून माझ्या माहेरच्या बायकांना नावं ठेवायच्या. तेवढाच तुमचा आरडाओरडा.

घरी आलो आणि तुम्ही बदललात. म्हणजे मला तसं वाटलं. हात सुजायचा, चढावर दम लागायचा, हे खरंच होतं. पण तुम्ही एकेक काम माझ्या अंगावर टाकत गेलात ते मला जाचायला लागलं. गाय अडली तर डॉक्टरला फोन मी करायचा आणि डॉक्टर येईपर्यंत आत हातही मीच घालायचा, तुम्ही गोठ्याच्या दारात उभ्या राहून नुसत्या सूचना देणार. शिरूरच्या मार्केटला कांद्याच्या गाडीबरोबर मला पाठवायला लागलात. मी म्हणायचे, पुरुष आहेत ना घरात? तर म्हणायच्या, "त्यास्नी कांदा पिकवता येतो, इकता येत न्हाई." पाहुण्यांची देणीघेणी, कुणाच्या लग्नाला काय न्यायचं, भाऊबंदांच्या बांधाच्या कुरबुरी, सगळीकडे मला पुढं करून तुम्ही मागं. मी चुकले की सगळ्यांसमोर झापायच्या. किती भांडले मी तुमच्याशी! एकदा तर म्हणाले, "लाईट घेतली तेव्हापासून तुम्ही आळशी झाल्यात." तुम्ही खदखदून हसलात. दोन वर्षं हे चाललं. त्या जागेवर ते पुन्हा आलं नाही. मग ते डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं तसं, भलतीकडेच, लिव्हरमध्ये निघालं. या वेळी विचारायला काहीच उरलं नव्हतं.

शेवटच्या आठवड्यात मी मार्केटवरून आले. व्यापाऱ्यानं आपला माल डोळ्यांदेखत कमी प्रतीचा म्हणून बाजूला काढला होता. मी गोणी तिथंच ओतली, चार माणसं गोळा केली आणि त्याला सगळ्यांपुढं माल पुन्हा बघायला लावला. तुमच्या खाटेशी बसून मी ते सगळं हातवारे करून सांगत होते. तुमचं अंग पिवळं पडलं होतं, डोळे तेवढे पहिले होते. तुम्ही सगळं ऐकलंत आणि म्हणालात, "झालं मग. आता तुला मी लागत न्हाई."

मी म्हटलं, "काहीतरीच बोलू नका."

"रानात म्हणली हुतीस की, तुला जमणार न्हाई. म्हणून तर घेतली लाईट. तेवढ्या टायमात तुला तयार करायची हुती." थोडा दम घेतलात. "झालीस की तयार. माझ्यापरीस खमकी झालीस."

आणि डोळे मिटलेत. मी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला आणि मला एकेक आठवत गेलं. ती काळी पडलेली कातडी, तो सुजलेला हात, गोठ्याच्या दारातल्या त्या सूचना, ती झापाझापी, माझ्यावर टाकलेली कामं. मला तुमच्यासाठी राबावं लागतंय म्हणून मी दोन वर्षं कुरकुरत होते, आणि तुम्ही ती दोन वर्षं मागून घेतली होतीत तीच मुळी माझ्यासाठी. असं काही माणूस माणसासाठी करतं, हे मला माहीत नव्हतं. अजूनही सकाळी उठल्यावर ते आठवलं की मी हातातलं काम सोडून उभी राहते. त्यानंतर तुम्ही फारशा शुद्धीत नव्हतात, आणि मला जे सांगायचं होतं ते सांगायचं राहिलं.

ते आता सांगते. तुम्ही एवढ्या हुशार, गावाच्या तोंडून स्वतःचं भविष्य वदवून घेणाऱ्या, पण त्या विहिरीच्या कडेला माझं बोलणं तुम्हाला चुकीचं समजलं, आक्का. मला जमणार नाही म्हणाले ते गाईंचं नव्हतं, कांद्याचं नव्हतं, भावकीचं तर नव्हतंच. ते सगळं मला आता येतं, आणि तरीही मला जमत नाहीये. तुम्ही मला कामासाठी नको होतात हो. मला तुम्ही हव्या होतात.